सीएसए नेटवर्कची स्व-तपासणी: प्रश्नावली पाठवण्याआधी काय करायचे आणि नंतर काय

समुदाय-आधारित शेतीत, म्हणजे सीएसएमध्ये, सभासद हंगामाच्या पिकातला एक वाटा आगाऊ वर्गणी देऊन घेतात, हंगामभर त्यांना मालाची टोपली मिळते आणि पीक बुडण्याची जोखीम ते शेतकऱ्यासोबत वाटून घेतात. अशा गटांच्या नेटवर्कमध्ये ‘एकदा आपली तपासणी करू या’ असे ठरते आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी चाळीस प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म बनवायला बसते. तो भरतात बहुतेक समाधानी सभासद. शेतकऱ्यांना वेळ नसतो, सोडून गेलेल्यांपर्यंत तो पोचतच नाही. निकाल छान येतो, अहवाल वाटला जातो आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर एखादे शेत कळवते की आता आम्हाला जमणार नाही. फॉर्म वाईट नसतो, तो चुकीच्या वेळी येतो. या लेखात त्याची पाळी पाचव्या टप्प्याच्या शेवटी येईल.

कामाला लागण्याआधी एक फरक पक्का करून घ्या. एक शेत आणि त्याचे सभासद हा एक गट. असे अनेक गट मिळून नेटवर्क. आणि नेटवर्कचे रोजचे काम ओढणारी दोन-चार माणसे हा तिसरा थर. वाटपाच्या ठिकाणी माल उशिरा येतो, हा गटाचा प्रश्न आहे. नव्या शेताला कराराचा नमुना कुठे मिळेल हे कोणालाच माहीत नाही, हा नेटवर्कचा. हे थर एकमेकांत मिसळले की बैठकीत शेतकऱ्याची उलटतपासणी सुरू होते आणि नेटवर्कने स्वतः काय केले हे विचारायचे राहूनच जाते.

टप्पा १: तपासणीतून कोणता निर्णय घ्यायचा ते लिहा

एका कागदावर वाक्य पुरे करा: ‘ही तपासणी झाल्यावर आम्ही ठरवू की…’ पुढे ठोस काहीतरी यायला हवे. या वर्षी नवी शेते घ्यायची की आहेत तीच सावरायची? संयोजकाचे मानधन वर्गणीतून द्यायचे का? दोन गटांचे वाटप एकत्र करायचे का? वाक्य पुरे होत नसेल तर तपासणी पुढे ढकला. ‘सद्यःस्थिती जाणून घेणे’ हा निर्णय नव्हे, आणि त्यासाठी शेतकऱ्यांचे तास घेऊ नयेत.

तपासणी कोणी मागितली हेही याच कागदावर लिहा. अनुदान देणाऱ्या संस्थेने मागितली असेल तर त्यांना द्यायचा अहवाल वेगळा आणि नेटवर्कचे अंतर्गत टिपण वेगळे, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगा. पैसे देणारा वाचणार आहे हे माहीत असताना कोणीही आपल्या शेताचा तोटा मोकळेपणाने सांगत नाही.

टप्पा २: माणसे, वेळ आणि गुप्ततेचा करार

पाच ते सात जणांचा तपासणी गट पुरतो. त्यात निदान दोन शेतकरी हवेत, एक जुना सभासद, पहिल्याच वर्षाचा एक सभासद, संयोजक आणि शक्य असेल तर बाहेरचे एक माणूस. संयोजक गटात असावा, पण प्रमुख नसावा. त्याचेच काम तपासले जाणार असते. बाहेरच्या माणसाने प्रश्न विचारायचे आणि बैठक चालवायची. गुण देण्याचा किंवा निदान करण्याचा अधिकार त्याच्याकडे नको, नाहीतर निष्कर्ष ‘त्यांचे’ होतात आणि नेटवर्कला ते पटत नाहीत.

पेरणी आणि भर हंगाम टाळा. जमाखर्च नुकताच पुरा झालेला आणि पुढच्या हंगामाची सभासद-नोंदणी अजून उघडलेली नाही, हा काळ सर्वांत बरा. याच खिडकीत घेतलेला निर्णय पुढच्या करारात उतरू शकतो. शेतकऱ्यांच्या तपासणीतल्या तासांचा मोबदला द्या. सभासद आपल्या पगारी कामानंतर संध्याकाळी बैठकीला येतात, शेतकरी मात्र काम सोडून येतो. हा फरक मान्य केला नाही तर बैठकीला तोच शेतकरी येतो ज्याला सवड आहे, आणि ज्याची अडचण मोठी आहे तो येत नाही.

गुप्ततेच्या करारात तीनच गोष्टी लिहा: शेताचे पैशांचे आकडे कोण पाहील, ते कुठे ठेवले जातील, आणि तपासणीनंतर ते कधी पुसले जातील. सर्वांच्या सह्या घ्या.

*थांबा:* सह्या होण्याआधी कोणाकडूनही जमाखर्च मागवू नका. एकदा आकडे बाहेर फुटले की पुढची कित्येक वर्षे कोणी खरे आकडे देत नाही.

टप्पा ३: मोजपट्टी स्वतःच्या सनदेतून काढा

बाहेरून तयार मोजपट्टी उचलण्याचा मोह होतो. त्याची गरज नसते, कारण तत्त्वे आधीच लिहिलेली असतात. युरोपातल्या सीएसए चळवळींनी २०१६ मध्ये चेकियातील ओस्ट्राव्हा इथे एकत्रित जाहीरनामा मंजूर केला. शेतकरी आणि ग्राहक यांना थेट जोडणाऱ्या जपानमधील तेइकेई चळवळीची दहा तत्त्वे १९७८ पासून आहेत. फ्रान्समधील आमाप गटांनी, म्हणजे तिथल्या सीएसएंनी, आपली सनद २०१४ मध्ये नव्याने लिहिली. तुमच्या नेटवर्कची सनद नसेल तर यांपैकी एक वाचा, पटणारी तत्त्वे निवडा आणि आपल्या शब्दांत मांडा. पण इथे फार वेळ घालवू नका. खरे काम पुढे आहे: प्रत्येक तत्त्वाचे असे रूप करायचे की पुरावा दाखवता येईल.

‘आम्ही जोखीम वाटून घेतो’ हे वाक्य घ्या. यावर सगळे माना डोलावतात. आता ते असे विचारा: मागच्या वाईट हंगामात टोपली किती टक्क्यांनी कमी भरली, आणि त्याच काळात शेतकऱ्याची जमा किती टक्क्यांनी घटली? टोपली तीस टक्के घटली आणि जमा तेवढीच राहिली, तर जोखीम सभासदांनी उचलली. जमाही तीस टक्के घटली, कारण पैसे परत दिले किंवा पुढचे हप्ते थांबले, तर सगळी जोखीम शेतकऱ्यावरच राहिली, सनदेत काहीही लिहिलेले असो. ‘सभासदांचा सहभाग’ याचेही तसेच. कामाच्या दिवसांना किती जण आले हे विचारू नका. वेगवेगळी नावे किती आली ते विचारा. दर वेळी तीच आठ नावे असतील तर तो सहभाग आठ जणांचा आहे.

असे बारा ते पंधरा प्रश्न पुरेत. गुण एक ते दहा देऊ नका, सहा आणि सातमधला फरक कोणालाच सांगता येत नाही. चारच पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक पायरीचे वर्णन लिहा. जोखमीच्या प्रश्नासाठी त्या अशा होतील: पहिली, करारात उल्लेखच नाही. दुसरी, उल्लेख आहे, पण प्रसंग आला तेव्हा पैसे परत दिले. तिसरी, करार पाळला, पण त्यानंतर बरेच सभासद गेले. चौथी, करार पाळला आणि बहुतेक सभासद टिकले.

*तपासा:* ज्या प्रश्नाला कोणतीही नोंद न दाखवता ‘हो’ म्हणता येते, तो काढून टाका किंवा बदला.

टप्पा ४: आकडे गोळा करा, पण मोजायचे कसे ते आधी ठरवा

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे सावकाश जा.

*सभासद टिकण्याचे प्रमाण.* समजा मागच्या हंगामात ८० वाटे होते, या हंगामात ८४ आहेत. नेटवर्क आनंदात असते. पण ८४ पैकी जुने ५२च असतील तर टिकण्याचे प्रमाण ५२ भागिले ८०, म्हणजे ६५ टक्के. दर तीन सभासदांपैकी एकाहून थोडे जास्त गेले आणि त्यांच्या जागा भरण्यात कोणाचे तरी अनेक आठवडे खर्ची पडले. एकूण आकड्यात हे दडून राहते. मोजणी माणसांची नको, वाट्यांची करा. दोन कुटुंबे मिळून एक वाटा घेत असतील तर तो एकच. गाव सोडून गेलेले वेगळ्या रकान्यात दाखवा, पण हिशेबातून वगळू नका. वगळायला लागले की दर वर्षी वगळण्याची कारणे वाढतात.

*शेतकऱ्याच्या तासाचा मोबदला.* हा आकडा काढायचा टाळला जातो, आणि नेमका तोच शेत टिकेल की बंद पडेल हे सांगतो. हंगामाची एकूण जमा घ्या. त्यातून बियाणे, इंधन, दुरुस्ती, जमिनीचे भाडे, मजुरी, कर्जावरील व्याज आणि अवजारांची झीज (घसारा) वजा करा. उरलेल्या रकमेला शेतकरी कुटुंबाच्या सगळ्या तासांनी भागा. सगळ्या म्हणजे टोपल्या भरणे, पोचवणे, हिशेब, सभासदांच्या संदेशांना उत्तरे देणे, बैठका, हे सुद्धा.

उदाहरण पाहा, चलन कोणतेही धरा. शिल्लक ३८,०००. शेतातले तास २,९००. भागाकार साधारण १३ येतो आणि ठीक वाटतो. मग वाटप, हिशेब आणि संदेश यांचे ९०० तास धरले की एकूण ३,८०० होतात आणि तासाला १० उरतात. तिथले कायदेशीर किमान वेतन १२ असेल, तर हा शेतकरी सभासदांना स्वस्त माल देण्यासाठी स्वतःच्या श्रमातून अनुदान देतो आहे. त्याने हे कधी मोजले नसल्यामुळे त्याला फक्त थकवा जाणवतो, कारण सापडत नाही.

वर्षभर तास लिहा असे सांगितले तर कोणी लिहीत नाही. त्याऐवजी लागवड, भर हंगाम आणि मंदीचा काळ यांतले दोन-दोन नेहमीचे आठवडे निवडा, तेवढे नीट लिहा आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधा. घरातल्या इतरांचे तास त्यांनाच विचारा. शेतकऱ्याने बायकोच्या किंवा मुलाच्या वतीने सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी असतो.

*पेरणीआधी हातात आलेला पैसा.* हंगामाच्या एकूण खर्चापैकी किती रक्कम लागवड सुरू होण्याआधी जमा झाली? सगळी वर्गणी दरमहा येत असेल आणि कधीही थांबवता येत असेल, तर ती सभासदांची सोय आहे, सीएसएचा आगाऊ आधार नव्हे. हप्ते असायला हरकत नाही, कमी उत्पन्नाच्या घरांना ते हवेतच. पण हंगामभराची बांधिलकी लेखी आहे का, हा प्रश्न आहे.

*नेटवर्कचे काम कोण करते.* कामांची यादी काढा: बैठका बोलावणे, नव्या शेतांशी बोलणे, हिशेब, संकेतस्थळ, कराराचे नमुने, भांडणे मिटवणे. प्रत्येकापुढे नाव आणि महिन्याचे तास लिहा. निम्म्याहून जास्त तास एकाच नावापुढे असतील तर तुमच्या नेटवर्कची सर्वांत मोठी जोखीम सापडली.

*नेटवर्कचा पैसा.* अनुदान उद्या थांबले तर फक्त सभासद-शुल्कावर किती महिने चालेल? उत्तर एका आकड्यात द्या.

*थांबा:* शेतांची क्रमवारी लावू नका. जमीन, पाणी, वर्षे, वाट्यांची संख्या सगळे वेगळे असते. प्रत्येक शेताची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा. एकत्रित चित्र दाखवायचेच असेल तर नावे काढून फक्त सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांमधली व्याप्ती दाखवा. पाचाहून कमी शेते असतील तर तेही नको, नाव नसले तरी कोणाचा आकडा आहे ते ओळखू येते.

टप्पा ५: आधी सोडून गेलेल्यांशी बोला, मग फॉर्म पाठवा

सोडून गेलेल्या दहा-बारा जणांना फोन करा. फोन शेतकऱ्याने करू नये, त्याच्यापुढे लोक भिडस्तपणे बोलतात. ‘का सोडले?’ असे थेट विचारले की ‘वेळ मिळत नव्हता’ हे ठरलेले उत्तर येते. त्याऐवजी विचारा: ‘शेवटच्या महिन्यात टोपली घरी आली की पुढे काय व्हायचे?’ मग लोक खरे सांगू लागतात. घरात दोघेच होतो, चौथ्या दिवशी अर्धी पालेभाजी टाकावी लागायची, टाकताना वाईट वाटायचे, म्हणून थांबलो. अशी चार उत्तरे आली की अर्धा वाटा सुरू करण्याचा विषय पुढे येतो, आणि ‘लोकांना बांधिलकी नको असते’ हा समज बाजूला पडतो.

नेटवर्क सोडून गेलेल्या शेतांशीही बोला. ही सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी संभाषणे असतात. त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारा: कोणत्या महिन्यात कोणती मदत मिळाली असती तर तुम्ही राहिला असता?

सध्याच्या शेतकऱ्यांशी शेतकऱ्यांनीच बोलावे, जोडीने, एकमेकांच्या शेतावर जाऊन. अनेक नेटवर्कमध्ये सहभागी हमी पद्धतीच्या, म्हणजे शेतकरी आणि ग्राहक मिळून शेताची हमी देतात त्या पीजीएसच्या, शेतभेटी आधीपासून होत असतात आणि ‘त्याच भेटीत हेही उरकू’ असे सुचते. तसे करू नका. हमीच्या भेटीत शेताची मान्यता पणाला लागलेली असते, तिथे अडचणी लपवल्या जातात.

हे सगळे झाल्यावर फॉर्म पाठवा. आता तो बारा प्रश्नांत मावतो, कारण काय विचारायचे ते कळलेले असते. अर्ध्या वाट्याची मागणी चार जणांची आहे की चाळीस घरांची, एवढेच त्यातून मोजायचे.

टप्पा ६: मूल्यमापनाची बैठक

अर्धा दिवस ठेवा. पहिला तास शेतकरी एका खोलीत, सभासद दुसऱ्या खोलीत. प्रत्येकाने आधी कागदावर एकट्याने गुण लिहायचे, मग बोलायचे. हात वर करून गुण घेतले तर पहिल्या मोठ्या आवाजाचे गुण सगळ्यांचे होतात.

एकत्र बसल्यावर सर्वांत कमी गुणांच्या प्रश्नापासून सुरुवात करू नका. जिथे शेतकरी आणि सभासद यांच्या गुणांत सर्वांत जास्त अंतर आहे तिथून सुरू करा. जोखमीच्या प्रश्नाला सभासदांनी चार आणि शेतकऱ्यांनी एक दिला असेल, तर सरासरी अडीच काढणे ही घोडचूक आहे. अडीच हे कोणाचेच मत नाही. बैठक चालवणाऱ्याने दोन्ही बाजूंना एकच विचारावे: ‘कोणता प्रसंग आठवून हा आकडा दिलात?’ सभासद सांगतात, टोपली लहान आली तरी आम्ही तक्रार केली नाही. शेतकरी सांगतो, त्या पाच आठवड्यांत मी बाहेरून माल विकत घेऊन टोपली भरत होतो. तो खर्च कुठेच लिहिलेला नसतो, आणि सभासदांना तो पहिल्यांदाच कळतो. असे दोन प्रसंग समोर आले तरी बैठक सार्थकी लागली.

मतभेद मिटला नाही तर दोन्ही गुण आणि दोन्ही कारणे जशीच्या तशी नोंदवा.

*तपासा:* निघण्याआधी प्रत्येक गुणापुढे पुराव्याची एक ओळ आहे ना? नसेल तिथे ‘पुरावा नाही’ असे लिहा. पुढच्या वर्षी कोणत्या नोंदी ठेवायच्या, ते तिथूनच ठरेल.

टप्पा ७: तीन कामे निवडा, आणि क्रम चुकवू नका

बैठकीतून वीस सूचना निघतात. तीन घ्या. प्रत्येकीला एक नाव, एक तारीख आणि अंदाजे तास जोडा. शिवाय हे काम घेणारी व्यक्ती त्या बदल्यात कोणते जुने काम सोडणार, तेही लिहा. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर काम होणार नाही असे धरून चाला.

कोणते काम आधी, याबद्दल माझे मत ठाम आहे.

सभासद टिकत नसतील तर प्रसिद्धी करू नका. आधी गळती थांबवा: अर्धा वाटा, नको ती भाजी बदलून घेण्याची पेटी, आणि नव्या सभासदाला पहिल्या सहा आठवड्यांत दोनदा फोन. बहुतेकांचे मन याच काळात बसते किंवा उडते.

तासाचा मोबदला कमी असेल तर वर्गणी वाढवण्याआधी जमाखर्च सभासदांसमोर ठेवा, कुटुंबाच्या तासांसकट. जर्मनीतले अनेक सोलावी गट, म्हणजे तिथले सीएसए, बोलीची फेरी घेतात. वर्षाचा पूर्ण खर्च सांगितला जातो, दर वाट्याची सरासरी जाहीर होते, मग प्रत्येक जण आपल्याला परवडेल तो आकडा गुप्तपणे लिहून देतो. बेरीज खर्चाइतकी भरली नाही तर दुसरी फेरी होते. यात कमी कमावणाऱ्यालाही जागा मिळते. पण खर्चाच्या ओळी लोकांना समजल्या नसतील तर सगळे सरासरीच लिहितात. म्हणून जमाखर्च निदान दोन आठवडे आधी पाठवा आणि प्रश्नोत्तरांसाठी वेगळी बैठक घ्या.

जोखीम शेतकऱ्यावरच राहत असेल तर करारात पीक बुडाल्यास काय, याचे स्पष्ट कलम घाला: टोपली किती कमी होऊ शकते, कळवायचे कोणी आणि किती दिवसांत, बाहेरचा माल घ्यायचा का आणि घेतल्यास खर्च कोणाचा. हा नमुना नेटवर्कने एकदा बनवावा आणि सर्व गटांना द्यावा.

एकाच माणसावर भार असेल तर नवी समिती नेमू नका. समितीच्या बैठका बोलावण्याचे कामही त्याच माणसाकडे जाते. आधी यादीतली दोन कामे बंद करा, मग उरलेल्यांपैकी एक संपूर्ण काम, त्याच्या पासवर्डांसह आणि निर्णयाच्या अधिकारासह, दुसऱ्याकडे द्या.

नेटवर्कच्या पातळीवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नव्या शेताला पहिल्या दोन हंगामांसाठी एक अनुभवी शेत जोडून देणे आणि प्रतीक्षायादी सामायिक ठेवणे. एका गटाकडे लोक थांबलेले आणि शेजारच्या गटात वाटे शिल्लक, हे वारंवार घडते, आणि एकमेकांना ते माहीत नसते.

टप्पा ८: कळवा आणि पाठपुरावा ठेवा

तीन आठवड्यांच्या आत सर्व सभासदांना एक पान पाठवा: काय दिसले, कोणती तीन कामे घेतली, कोणत्या सूचना या वर्षी घेतल्या नाहीत आणि का. ज्यांना फोन केला होता त्या जुन्या सभासदांनाही पाठवा. त्यांतले काही याच पानामुळे परत येतात.

नव्वद दिवसांनी तासाभराची बैठक ठेवा, तारीख आजच ठरवा. प्रत्येक कामाबद्दल तीनच उत्तरे चालतील: झाले, नाव बदलले, सोडून दिले. ‘चालू आहे’ हे उत्तर घेऊ नका.

टप्पा चारमधले आकडे दर वर्षी काढा. संपूर्ण तपासणी दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. दर वेळी व्याख्या त्याच ठेवा: वाटा म्हणजे काय, जुना सभासद कोणाला म्हणायचे, तासांत काय धरले. त्या एका पानावर लिहून आकड्यांसोबतच ठेवा, कारण पुढच्या तपासणीला माणसे वेगळी असतील. आणि तासांच्या नोंदीचे कोरे तक्ते पुढच्या लागवडीच्या आधीच शेतकऱ्यांच्या हाती द्या, हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेले तास उपयोगाचे नसतात.